मला न्हाई येत तिची बोली

कॉलेजात मी भाषांचा इतिहास शिकवते. शेजारच्या भाषा एकमेकींत कशा मिसळतात, हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच. घरी आईपुढे मात्र माझं काही चालत नाही.

मानवतजवळच्या आमच्या शेतात आईनं बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एका मावशीबरोबर तीस वर्षं कापूस वेचला. दोघींच्या ओळी कायम शेजारी. मावशी तांड्याच्या गोरबोलीत बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची.

"मला न्हाई येत तिची बोली," आई म्हणायची.

"मला बी तुमची मराठी येत न्हाई," मावशी चक्क मराठीत सांगायची.

एव्हाना आईच्या सगळ्या शिव्या तांड्याच्या झाल्या होत्या आणि मावशीनं आपल्या पोराला आमच्या जात्यावरच्या ओव्या म्हणून झोपवलं होतं. हे मी दाखवून दिलं की दोघी मिळून मलाच वेड्यात काढायच्या.

गेल्या वर्षी तोच पोरगा मावशीला कायमची पुण्याला न्यायला आला. "जाऊ दे, लय बडबडती," असं म्हणत आई आठवडाभर भांडी आपटत होती. तांड्यावर निरोपाला बायका गळ्यात पडून, हेल काढून, शब्दांत रडतात. आम्ही ओटी भरतो आणि मुकाट डोळे पुसतो. "मला त्यांच्यावाणी रडायला जमायचं न्हाई," आईनं आधीच बजावून ठेवलं.

देवगाव फाट्यावर एसटी आली. ओटी भरून झाली तरी मावशी हलेना. ती हात पसरून उभीच. आईनं एकदा माझ्याकडं रागानं पाहिलं आणि तिच्या गळ्यात पडून अस्खलित गोरबोलीत हेल काढला. वेचणीची उन्हं, वाटून खाल्लेल्या भाकरी, सगळं त्यात आलं. मावशी मराठीत रडत होती. मलाही रडू आवरेना.

परतताना मी डिवचलं, "येत नव्हती ना?"

"ते रडणं व्हतं. बोलणं न्हाई."

आता दर रविवारी मावशीचा फोन येतो. ओव्यांवर झोपलेल्या त्या पोराच्या घरात सगळे मराठीच बोलतात. नातवंडं आजीच्या बोलीला हसतात. आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून तासभर गोरबोलीत बोलते.

परवा मी दाराला कान लावून उभी असताना तिनं अचानक दार उघडलं.

"जा तिकडं," ती म्हणाली. "तिच्या घरात तिच्या बोलीत बोलणारं कोणी उरलं न्हाई. मी बी बोलू नको का?"