रद्द केलेली मोजणी

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. चहा कसा झालाय असं विचारल्यावर "ऐंशी टक्के" म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ते आकडे सांगायचे, मी वहीत उतरवायची. नऊ वर्षं आम्ही हेच केलं.

आमचं काम काडेपेटीएवढ्या यंत्रांचं. बारक्या सेलवर चालणारी ही यंत्रं भिंतींवर लावायची. एकाने दिलेला निरोप दुसऱ्याने तिसऱ्याकडे सरकवायचा, असं करत तो मुख्य यंत्रापर्यंत न्यायचा. निरोपाने वाट कशी धरायची याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. कुठल्या पद्धतीत शंभरातले किती निरोप पोचतात आणि सेल किती टिकतो, हे आम्ही मोजायचो. या कामात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

नव्या वृद्धाश्रमाचं काम आलं तेव्हा ते हरखून गेले. तिथे प्रत्येकाच्या गळ्यात एक बटण असणार होतं. दाबलं की परिचारिकेच्या खोलीत घंटा. साहेबांची मावशी तिथे राहायला जाणार होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला कोंडून घालू नकोस," असं सांगून तिने ती जागा स्वतःच पसंत केली होती.

दोन पद्धतींत निवड करायची होती. पहिलीत प्रत्येक यंत्र आजूबाजूच्या सगळ्यांना निरोप देतं. तो हमखास पोचतो, पण सेल वर्षभरात संपतो. दुसरीत प्रत्येक यंत्र एकच शेजारी धरून ठेवतं, आणि त्याच्याशी संपर्क तुटला तर नवा शेजारी सवडीने शोधतं. सेल चार वर्षं चालतो.

मोजणी आम्ही इमारत रिकामी असताना केली. माणसांची ये-जा आणि पत्र्याची कपाटं आली की आकडे बिघडतात, म्हणून आमची पद्धतच तशी. दुसरी पद्धत सलग नव्व्याण्णव टक्के देत होती. मग एकदम एकाहत्तर. साहेब तरातरा व्हरांड्यात गेले. सफाईवाल्या बाईंनी स्टीलची भलीमोठी ढकलगाडी नेमकी यंत्रासमोर उभी केली होती.

"बाई, एवढी गाडी हलवता का? मोजणी चाललीये."

"हलवते की. पण साहेब, जेवणाच्या गाड्या रोज इथंच लागणार आहेत म्हणे."

"लागू देत. तोवर आमचं काम संपेल."

गाडी हलली, आकडा सुधारला. "ते एकाहत्तर रद्द कर," साहेब मला म्हणाले. मी लाल पेनाने काट मारली, आणि आमच्या अहवालावरून तिथे दुसरी पद्धत बसली. बाईंनी उत्तर हातात आणून दिलं होतं आणि आम्ही दोघं शहाणे त्यांना वाट सोडायला सांगत होतो. तेव्हा मला काहीच खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

चार महिन्यांनी, भर दुपारी, मावशी खोलीत पडली. बाहेर जेवणाच्या चार गाड्या ओळीने उभ्या होत्या. घंटा वाजलीच नाही. ताट घेऊन येणाऱ्या बाईंना ती दिसली, तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती. बटणातली नोंद आम्ही नंतर काढली. तिने अकरा वेळा दाबलं होतं, आणि त्यातला एकही निरोप पोचला नव्हता.

साहेबांनी चूक लपवली नाही. अहवाल मागे घेतला, पहिली पद्धत बसवून घेतली. आठवडाभर रोज दुपारी भरलेल्या गाड्या उभ्या करवून, माणसांच्या गर्दीत मोजणी केली. पण त्या आठवड्यात त्यांनी चहा कसा झालाय ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मावशीला भेटायला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. आता ती चालणार नाही, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. साहेब तिच्या उशाशी बसले. मग त्यांनी विचारलं,

"मावशी, परिचारिकेची खोली दहा पावलांवर होती. तू हाक का नाही मारलीस गं?"

तिला त्या प्रश्नाचं नवलच वाटलं.

"हाक कशाला मारू? तू बसवलेलं बटण दाबलं होतं ना."