सुरेल म्हणायचं नाही

कुणी ‘सुरेल’ म्हणालं, की मामांची कानस थांबायची. ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “तो शब्द ठिवा खाली.” काचसामानाच्या दुकानात आपण बरणी उचलली की मालक म्हणतो ना, अगदी तसं.

शहागंजात त्यांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी आणि भात्याच्या कातड्याचा वास. मी शाळेत संगीत शिकवते. शाळेची पेटी घेऊन पहिल्यांदा गेले, त्यांनी ती लावून दिली आणि मी भाबडेपणानं “किती सुरेल” म्हणून गेले. कानस थांबली.

“गोड म्हना, चांगली म्हना. गोडी जन्मतःच येती, बाई. सुरेल म्हंजे सुराची जी जागा हाये, तिथंच जाऊन बसनं. रोज. अंगात ताप असला तरी.”

त्यांच्या लेखी सुरेल माणूस एकच. पाचोडच्या बाजारात चाळण्या विकणारी एक म्हातारी. तिची हाळी दर बाजाराला पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत, काळी दोनमध्येच लागायची. मामा एकदा खात्री करायला पेटी घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. कुणी फिरस्ता गाणारा आलाय असं समजून तिनं त्यांच्यापुढं अर्धी भाकरी ठेवली. हाळी काळी दोनचीच निघाली आणि भाकरी मामांनी खाल्ली.

आमच्या स्नेहसंमेलनाला ते पेटी पोचवायला आले होते. सूत्रसंचालक म्हणाले, आता आमच्या मुली सुरेल आवाजात स्वागतगीत गातील. मामा दारातूनच पुटपुटले, “गायच्या आधीच?” मुलींना इतकं हसू आलं, की पहिलं कडवं वाहूनच गेलं.

पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. पेटी झाली की मी फक्त ‘लागली’ म्हणायचे. तो शब्द त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारला नाही. खरं सांगू? मला तो त्यांच्या तोंडून हवा होता. पेटी तपासायला ते मला दोन ओळी म्हणायला लावत आणि मी दर वेळी जीव ओतून गायचे. ते म्हणायचे, “बरं हाये.”

गेल्या वर्षी पेटी घरी आणली, तर मध्यम, म्हणजे ‘म’चा सूर, उतरलेला. मामांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. परत नेली. त्यांनी मध्यम दाबला, झाकणाला कान लावला आणि तो बरोबर असल्याचं सांगून मला गायला लावलं. मला वाद घालवेना. मी माझा मध्यम त्या उतरलेल्या मध्यमाला नेऊन चिकटवला. चक्क बेसूर गायले. मामा माझ्या ओठांकडे बघत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “सुरेल.”

त्यांचे कान गेले होते. रिक्षात मी रडले.

गिऱ्हाइकं गळायला लागली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मग एका दुपारी मामा स्वतः माझ्या घरी आले. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पेटी उघडली आणि मध्यम दाबून धरला.

“बाई, तुमी खोटं बोलनार नाय. कसा हाये?”

घरभर तो उतरलेला सूर वाजत होता. समोरच्या माणसाला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. मला वाटलं, आता लहानसहान शब्दानं भागणार नाही. मी मोठ्यानं, नीट ओठ हलवून म्हणाले, “सुरेल आहे, मामा.”

त्यांनी भाता सोडला.

“पंधरा वर्सं ‘लागली’ म्हनायच्या तुमी,” ते म्हणाले. “तो शब्द ठिवा खाली.”

दुकान पुन्हा उघडलं नाही. मुलगा त्यांना पाचोडला घेऊन गेला आणि पावसाळ्याच्या आत ते गेल्याचा फोन आला. त्यांना भेटायला जायचं मला धाडस झालं नव्हतं. आता जायला जागाही नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालक म्हणाले, आता मुली सुरेल आवाजात स्वागतगीत गातील. मी सवयीनं दाराकडे बघितलं. मग पेटीवर तोच, दुसऱ्या कुणाकडून लावून न घेतलेला, उतरलेला मध्यम दाबला, मुलींनी त्यात आपला सूर मिळवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.