बुश बंडीचं आणि बुश गाडीचं

मी खड्ड्यात उभी, डोक्यावर गाडी, आणि वर बाप-लेक भांडून राहिलेले. खड्डा म्हणजे माझ्या गॅरेजचा. त्यात उतरलं की गाडीचं पोट दिसतं.

"विकून टाक," वामनभाऊ म्हणत होते. "रविवारी नागपूरचा माणूस येऊन राह्यला. त्याले देऊन टाक."

"बाबा, बाईले पाहू तर द्या."

"बाई काय पाहतीन? तुह्या मायनं पाह्यलं नं."

सुमेध पोंभुर्ण्याचा. गडचिरोलीला ऑफिसात नोकरी, रोजचं जाणं-येणं. गाडी लहानच, पण टर्बो इंजिनाची, कंपनीनंच जोरात पळायला बनवलेली. अशा गाडीला परफॉर्मन्स कार म्हणतात. सेकंडहँड घेतली, पण पोरानं जीव लावला होता तिला. झालं असं की त्याची आई शांताबाई मागच्या सीटवर होती, सागवनातलं वळण आलं, वळणावरच खड्डे, आणि गाडीचं मागचं अंग उडी मारून बाजूला सरकलं. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण आई उतरली ती मागून आलेल्या एसटीला हात दाखवून निघून गेली. तेव्हापासून ती त्या गाडीत बसली नाही. वामनभाऊंचं म्हणणं सरळ होतं, घरची बाई ज्या गाडीत बसत नाही ती गाडी अंगणात कशाला?

म्हणजे रविवारपर्यंत मागचं अंग सुधारलं नाही, तर गाडी गेली.

मी खालून विचारलं, "त्याच्या आधी मागचं काही काम केलं का रे?"

वर सुमेधच्या चपला दोन पावलं मागं सरकल्या.

"बुश बदलले," सुमेध म्हणाला.

"कोणते टाकले?"

"चांगलेच हायेत."

नुसतं 'चांगलेच' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर माझा विश्वास नसतो. मी बॅटरी मारली.

आता बुश म्हणजे काय ते सांगते. या गाडीची मागची दोन्ही चाकं एका लोखंडी बीमवर असतात. बीम गाडीच्या अंगाला दोन जागी बोल्टनं धरलेला असतो. लोखंडावर लोखंड घासू नये आणि बीमला थोडं हलता यावं म्हणून मधे जाड रबराची बांगडी बसवतात. तेच बुश. रबर जुनं झालं की चिरतं, मग वळणावर गाडीची शेपटी हलते. जोरात चालवणारे लोक कंपनीपेक्षा जरा कडक बुश टाकतात, म्हणजे शेपटी जागेवर राहते. सुमेधचं तेवढं बरोबर होतं.

पण बॅटरीच्या उजेडात मला रबर दिसेचना. चकचकीत लोखंड, त्यावर लेथच्या बारीक रेघा, आणि कडेनं ग्रीस गळून राहिलेलं.

"हे कुठून आणले?"

उत्तर वामनभाऊंनी दिलं, तेही छाती काढून. "आपला छकडा जो बनवते नं, त्यानंच लेथवर बनवले. एकदम मापात."

छकडा म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळवायची हलकी गाडी. वामनभाऊंची जोडी एकेकाळी चार गावांत नावाजलेली होती.

"भाऊ, लोखंडाचं बुश?"

"मंग कायचं असते? बंडीच्या चाकात लोखंडाचंच असते. रबराची ते स्लीपर असते, बाई."

पोरानं घरी 'कडक बुश पाहिजे' म्हटलं. बापाला बुश म्हटलं की बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक आठवलं. पोरालाही पटलं, कडकच पाहिजे तर लोखंडाहून कडक काय? त्या एका शब्दापायी दोघंही लेथवर जाऊन उभे राहिले.

मी वर आले. हात पुसले.

"भाऊ, पटात जोडी सोडता तेव्हा जुवाडं बैलाच्या मानेले कसून आवळता का?"

"छे. मान हालली पाहिजे."

"नाई हालली तर?"

"एक दबला की दुसऱ्याले ओढते. छकडा उलटते."

"तेच झालं. बंडीचं बुश फक्त चाक फिरू देते. हे बुश बीमले पिळू पण देते. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं रस्त्यावर राह्यलं पाहिजे. तुमच्या लोखंडानं बीम आवळून धरला. एक चाक दबलं की दुसरं उचललं. शांताबाई बसल्या होत्या तेव्हाची उडी तीच."

वामनभाऊंनी वाकून गाडीखाली पाहिलं. सुमेधनं मान खाली घातली, पण हसू त्याला लपवता येत नव्हतं.

"तू कायले हासून राह्यला? शिकला तर तू हायेस," बाप म्हणाला.

बुश मागवले ते रबराचेच, फक्त मूळच्यापेक्षा कडक. त्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या बीमवरच्या खुणेला जुळवूनच प्रेसनं बसवावं लागतं. उलटं बसलं तर सगळी मेहनत पाण्यात. बीम वर लावला, बोल्ट ओवले. गाडी अजून स्टँडवर, चाकं लोंबकळलेली. सुमेध लगेच मोठा पाना घेऊन आला.

"आत्ता नाई कसायचे," मी म्हटलं. "आधी गाडी चाकांवर उतरव. लोंबत्या चाकांत कसलं की रबर तिथंच आवळलं जाते. मग गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहते. लवकर फाटते."

"बसल्या बैलाले जुवाडं बांधत नाई बे," वामनभाऊ मागून म्हणाले. "उभा करून बांधतेत."

गाडी खाली आली. मी खड्ड्यात उतरून बोल्ट कसले.

आता परीक्षा शांताबाईंची. त्या एसटीनंच आल्या. पुढं बसा म्हटलं तर ऐकेनात, मागं तीच सीट धरली. पिशवीतून सुपारी आणि अडकित्ता काढला. सुमेध चालवत होता, वामनभाऊ त्याच्या शेजारी, मी शांताबाईंजवळ. सागवनातलं वळण आलं. वामनभाऊ रस्ता सोडून मागंच पाहत होते.

"समोर पाहा नं," शांताबाई म्हणाल्या. "मले काऊन पाहून राह्यले?"

खड्डे आले. धडधड जाणवली, पण शेपटी जागेवर होती. अडकित्ता कटकट चालूच होता. वळण संपल्यावर त्यांनी सुपारीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"आवाज करते थोडा," त्या म्हणाल्या.

"कडक रबराचा आवाज येणारच, बाई."

"येऊ दे. एसटीचा काय कमी येते?" मग पुढं वाकून पोराला म्हणाल्या, "घरी घे. परत एसटीनं नाई जात मी."

रविवारी नागपूरचा माणूस आला. वामनभाऊंनी त्याला चहा पाजला, गाडीभोवती फिरवला, आणि ती विकायची नाही असं सांगून परत पाठवला.

लोखंडाचे बुश अजून माझ्या टेबलावर आहेत. एकात मी पेचकस उभे ठेवते. वामनभाऊ आले की बरोबर त्या बुशांकडं पाठ करून बसतात. आणि आता कोणी गिऱ्हाईक बुश म्हणालं की मी पाना उचलायच्या आधी विचारून घेते, बंडीचं की गाडीचं?