मरळ घेऊन देवनहळ्ळीला

त्र्याण्णव साली नोकरीसाठी मी नागपूरहून बंगलोरला आले, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी इंदिरानगरातल्या एका मराठी घराचा पत्ता दिला. दार उघडलं त्या बाई साठीच्या, उंच, सुती साडीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीचं वळण माझ्या कानाला नवं होतं.

"वर दोन खोल्या आहेत. पाणी सकाळी येतंय. मासे खातीस काय?"

घरातून उदबत्तीचा वास येत होता. मी चाचरत म्हटलं, "खाते, पण इथे शिजवणार नाही."

"ते सोड. मरळ ओळखतीस?"

"ओळखते. भंडाऱ्याच्या तलावांतले आमच्याकडे बाजारात येतात. लांब, काळपट, डोकं सापासारखं."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक'. "रविवारी मोकळी असलीस तर सांग."

अशा रीतीने मला खोली मिळाली. त्या पद्मावतीबाई. सगळी गल्ली त्यांना पद्माक्का म्हणत असे, मीही तेच म्हणू लागले.

अक्कांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडले होते. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा, हातात दोऱ्या. रिटायर झाल्या तेव्हा कानांत एक बारीक गुणगुण उरली होती, दिवसरात्र. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, शांत जागी बसत जा. पण शांत जागा आणायची कुठून? घरात कुकर, रेडिओ, समोर गणपतीच्या देवळाचा लाउडस्पीकर. एकदा जुन्या मैत्रिणीकडच्या मुंजीला त्या सर्जापूर रोडवरच्या एका खेड्यात गेल्या. जेवणं आटोपल्यावर सहज गावच्या तलावाच्या बांधावर जाऊन बसल्या, आणि तासाभराने त्यांच्या लक्षात आलं की गुणगुण ऐकू येईनाशी झालीय. पुढच्या रविवारी त्या बसने एकट्याच तिथे गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही.

त्या तलावातल्या मासेमारीचा ठेका देवाप्पा नावाच्या माणसाकडे होता. लागोपाठ तीन रविवार चांगल्या घरातली एक बाई एकटीच पाण्याकडे बघत बसते, हे पाहून तो घाबरला. जाळं दुरुस्त करायच्या निमित्ताने तो दिवसभर त्यांच्यापासून दहा पावलांवर बसून राहिला आणि शेवटी कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, घरी काही त्रास आहे का? इथे पाणी खोल नाही. उगाच चिखलात रुतून बसाल."

अक्का किती तरी वेळ हसल्या. मग त्यांनी कानांची गोष्ट सांगितली. देवाप्पाने झोपडीतून एक बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा आणि गळ आणून त्यांच्या हातात दिला. म्हणाला, "नुसतं बसू नका. हातात काही असलं की लोक विचारत नाहीत."

हे मासेमारीचं मूळ. पहिली दोन वर्षं त्या गांडूळ लावून तिलापिया आणि तसलंच बारीकसारीक धरायच्या आणि सोडून द्यायच्या. मग एकदा कमळाच्या पानांखालून एक मरळ उसळला, पाण्यावरचा बेडूक घेऊन खाली गेला, आणि अक्कांना दुसरं काही धरण्यात रस राहिला नाही.

घरात मात्र अवघड होतं. त्यांचे यजमान नरसिंहराव, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते रोज अंघोळीनंतर गोपीचंदन लावून पोथी वाचणारे, एकादशी कडक करणारे. त्यांनी काठीला घरात येऊ दिलं नाही. ती स्कूटरच्या शेडमध्ये राहायची आणि अक्का परत आल्यावर आधी न्हाणीघरात जायच्या, मग स्वयंपाकघरात. अण्णा आरडाओरडा करणारे नव्हते. एकदाच माझ्यासमोर त्यांनी विचारलं, "खात नाहीस. विकत नाहीस. मग त्या जिवाला टोचायचं कशाला?"

अक्का शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून बोथट करते, म्हणजे सुटताना फाडत नाही. ओल्या हाताने धरते. पण टोचते ते टोचतेच."

"एवढं ठाऊक आहे ना, मग झालं," अण्णा म्हणाले, आणि पेपर वर धरला. तो विषय परत निघाला नाही.

मी रविवारी अक्कांबरोबर जाऊ लागले. बहुतेक वेळ त्या काहीच करायच्या नाहीत. पहिला अर्धा तास काठीला हातही लावायचा नाही, असा त्यांचा नेम. नुसतं बघायचं. मरळाला वरची हवा घ्यायला यावं लागतं. जिथे तो हळूच वर येऊन घोट घेतो तिथे कुकरची शिटी निघण्याआधी फुसकारा येतो तसा बारीक आवाज होतो. अक्कांना तो डोळे मिटूनही कळायचा. "तिकडे, शेवाळाच्या कडेला," त्या म्हणायच्या, आणि मला काही दिसायच्या आत पाण्यावरचं वर्तुळ विरून गेलेलं असायचं. ऊन चढलं की मरळ पानांच्या सावलीत शिरतो, म्हणून सकाळी उघड्या कडेला बघायचं आणि दहानंतर पानांमधल्या फटींत. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. बांधावर पाय आपटत चालायचं नाही, कारण त्याला ते पाण्यातून कळतं.

गळाला लावायचा बेडूक त्या स्वतः बनवायच्या, हिरव्या रबरी चपलेचा तुकडा कापून. गळाची टोकं वर वळवलेली, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. तो पानांवर फेकायचा, थांबायचं, मग हळूच ओढून पाण्यात पाडायचा. खरा बेडूक घाई करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या बेडकावर पहिल्यांदा मरळ आला तेव्हा पाणी असं फुटलं की मी दचकून काठी वर खेचली. बेडूक हवेतून माझ्याच खांद्यावर येऊन पडला.

"रिंग गेली की लगेच बोलत नाहीत," अक्का म्हणाल्या. "समोरच्याने आधी रिसीव्हर उचलू दे. तीन मोज. मग ओढ."

तीन मोजायला मला अख्खा पावसाळा लागला. पाणी फुटलेलं दिसत असताना स्वस्थ बसून आकडे मोजणं फार कठीण असतं. पण त्या सप्टेंबरात मी हातभर लांबीचा मरळ धरला. सोडताना तो माझ्या हातात क्षणभर तसाच थांबला आणि मग एका झटक्यात गेला. नागपूरला हाच मासा आई तिखटजाळ रश्शात घालायची, हे मी त्या दिवशी मुद्दाम आठवलं नाही.

अक्कांचा एक नियम मात्र कुणासाठी सैल होत नसे. जून-जुलैत तलावात कधी कधी लालसर ढग पाण्याखाली फिरताना दिसतो. ती मरळाची पिल्लं, शेकडो, एकमेकांना चिकटून. त्यांच्याखाली आईबाप असतात, आणि त्या दिवसांत ते जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. म्हणजे धरायला अगदी सोपे. अक्का तो ढग दिसला की काठीला तंगूस गुंडाळून ती बाजूला ठेवत. "आईबापाला दहा मिनिटं बाहेर काढलं तर तेवढ्यात बाकीचे मासे पिल्लं संपवतात. सोडून दिला तरी काय उपयोग?"

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तलाव आटला. आधीच्या पावसाळ्यात पाणी कमी आलं होतं, आणि वरच्या बाजूला घरांसाठी लेआउट पडल्यामुळे येणारा ओढा माती टाकून बंद झाला होता. एप्रिलमध्ये मधोमध एक डबकं उरलं, आमच्या अंगणाएवढं. देवाप्पाने जाळं टाकून कटला आणि रोहू बाजारात नेले. मरळ चिखलात दडून बसले होते.

"हे आठ दिवसांत जातील," तो म्हणाला. "आणि या वेळी तलाव भरणार नाही, अक्का. गाव जमीन विकतंय. माझ्या मेव्हण्याकडे देवनहळ्ळीजवळ तलाव आहे, बारा महिने पाणी. चार जोड्या तिथे गेल्या तर बी राहील. पण मला आज बाजार गाठायचाय."

"मी नेते," अक्का म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. सर्जापूर रोडहून देवनहळ्ळी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, मध्ये मॅजेस्टिकला बस बदलून, एप्रिलच्या उन्हात. देवाप्पा म्हणाला, मरळ हवा घेतो, थोडं पाणी आणि ओलं गोणपाट असलं तर दिवसभर जगतो. ते खरं होतं. त्याने चिखल चाचपून आठ मरळ काढले आणि पितळी हंड्यात घातले, पण पाण्यासकट तो हंडा आम्हा दोघींना उचलेना. अक्कांनी गावातल्या दुकानातून घरी फोन केला.

फोनवर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. दीड तासाने अण्णा बसमधून उतरले. स्वच्छ धोतर, उपरणं, कपाळावर गोपीचंदन. त्यांनी हंड्यात डोकावून बघितलं. आत काळी वेटोळी हलत होती.

"आठ आहेत?"

"आठ."

"चला," ते म्हणाले, आणि हंड्याचा एक काठ धरला.

मॅजेस्टिकपर्यंत ठीक गेलं. देवनहळ्ळीच्या बसमध्ये अण्णांना खिडकीची जागा मिळाली. हंडा त्यांच्या पायांत, वर ओलं गोणपाट सुतळीने बांधलेलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्याने वास घेतला, हंड्याकडे बघितलं आणि मग अण्णांच्या कपाळाकडे.

"स्वामी, काय आहे यात?"

"मीनु," अण्णा म्हणाले.

आजूबाजूची चार डोकी वळली. कंडक्टर पुटपुटला, "तुम्ही... मासे?"

"खायला नाही. पोहोचवायला," अण्णा म्हणाले. "पहिला अवतार कोणता, सांग बघू."

कंडक्टरने हंड्याला सामानाचं तिकीट लावलं नाही.

हेब्बाळच्या पुढे एक बैलगाडी आडवी आली आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. सुतळी तुटली, गोणपाट बाजूला झालं आणि एक मरळ, त्यातला सगळ्यात मोठा, हंड्यातून उडून वाटेत पडला. बसमध्ये एकच गडबड. बायकांनी पाय सीटवर घेतले. कुणीतरी "हावु, हावु" म्हणून साप समजून ओरडलं. मरळ वळवळत मागच्या सीटखाली सरकत होता. अक्का पुढच्या सीटवर अडकलेल्या, माझ्या मांडीवर दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी येऊन पडलेली. अण्णा खाली वाकले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हंड्यात बुचकळलं, सीटखाली हात घालून मरळ उपरण्यासकट धरला आणि छातीशी घेतला. तो जोर करत होता. त्याच्या शेपटीचे फटके अण्णांच्या हनुवटीवर बसत होते.

"याला असंच धरायचं ना, ओल्या फडक्यात?" त्यांनी विचारलं.

"हो," अक्का म्हणाल्या. "तोंड झाकू नका. त्याला हवा लागते."

देवनहळ्ळी येईपर्यंत अण्णांनी तो मासा हंड्यात परत टाकला नाही. म्हणाले, पुन्हा उडेल. तासभर तो त्यांच्या मांडीवर होता. सुरुवातीला ते खिडकीबाहेर बघत होते, मग त्याच्याकडेच बघू लागले. गोपीचंदन घामाने ओघळून गेलं होतं.

मेव्हण्याच्या तलावावर पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. बांधाजवळ कमळं दाट होती, पाणी गार होतं. अक्कांनी सात मरळ एकेक करून पानांखाली सोडले. आठवा अण्णांनी सोडला. त्यासाठी ते गुडघाभर पाण्यात उतरले, धोतर वर न घेताच. मग तिथल्याच विहिरीवर त्यांनी अंघोळ केली आणि जानवं बदललं, कारण ते अण्णा होते.

सर्जापूर रोडवरचा तो तलाव पुन्हा भरला नाही. दोन वर्षांत तिथे दगडी खांब रोवून प्लॉट पडले. अक्का एकदाच जाऊन बघून आल्या. देवाप्पा मेव्हण्याकडे कामाला लागला. रविवारची बस आता उलट्या दिशेने पकडायची, एवढाच फरक झाला. तास वाढले, पण अक्कांना बस आवडायची. कानांतली गुणगुण पूर्ण कधी गेली नाही. पाण्याजवळ मात्र ती जायची.

सत्त्याण्णवच्या जुलैत देवाप्पाने फोन करून आम्हाला बोलावून घेतलं. बांधाच्या दक्षिण टोकाला, शेवाळातल्या मोकळ्या जागेत, लाल ढग फिरत होता. जरा पुढे आणखी एक. अक्का काठी न आणता आल्या होत्या. त्या कडेला उकिडव्या बसून बघत राहिल्या. अण्णाही आले होते. त्यांना पिल्लं दिसेनात, म्हणून अक्कांनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून योग्य दिशेला वळवलं.

"तो लाल?"

"तोच. खाली बघा, सावली हलतेय. ती आई असेल, नाहीतर बाप."

"दोघंही राखतात?"

"दोघंही."

अण्णा बराच वेळ बघत होते. मग त्यांना भूक लागली. आम्ही चिंचेच्या झाडाखाली बसलो आणि अक्कांनी डबा उघडला. लिंबूभात होता, वर भरपूर शेंगदाणे. देवाप्पाने केळीची पानं कापून आणली.