आठ दिवसांनी तेच प्रश्न

परवा बाजारात सुकटीचा वास आला आणि मिरकरवाडा बंदरावरच्या एका मासेवालीच्या घराची ओटी आठवली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझी पहिली नोकरी ही, की माणसं आपल्या अंगमेहनतीबद्दल सांगतात ते कितपत भरवशाचं, हे तपासायचं. त्यासाठी एकाच माणसाला तेच प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा विचारायचे. गेल्या सात दिवसांत घाम येईल असं काम किती दिवस केलंत, असं विचारल्यावर ती मासे विकणारी बाई पहिल्या भेटीत हसली होती. "सातही दिवस. टोपली डोक्यावर घेऊन चढ चढते, घाम काय विचारतेस, बाय?" आठ दिवसांनी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली. शेजारीण माझ्यावर ओरडली, "कागद कसले काढतेस? तू येऊन गेलीस त्याच दुपारी हिचा नवरा गेला. सुतक आहे घरात." मी परत फिरायला हवं होतं. पण ठरलेला दिवस चुकवायचा नाही, असं आम्हाला बजावलेलं. मी सगळे प्रश्न विचारले, आणि तिने प्रत्येकाला "एकपण दिवस नाय" म्हटलं. मी उठले तेव्हा म्हणाली, "मागल्या वेळी खोटं नाय हां सांगितलं मी. तुझ्या साहेबाला सांग तसं." ऑफिसात सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "मेळच नाही. बाई भरवशाची नाही, काढून टाका." मी काढून टाकले. आज असे कागद मीच तपासते. तिचा निरोप मात्र मी सरांना कधीच दिला नाही.