बापाचं अर्धं, आईचं अर्धं

वेझर नदीकाठच्या होल्टरोड गावातली निम्म्याहून अधिक माणसं गेरबुर्ग सुईणीच्या हातावर जन्मली होती. साठी उलटली तरी तिचे हात स्थिर होते आणि जीभ तर त्याहून तेज. गावातली म्हातारी माणसंसुद्धा तिला आजी म्हणत.

त्या हिवाळ्यात हिल्ट्रूडचे दिवस भरले होते. तिचा नवरा वुल्फराम नाताळच्या आधी लाकडांचे तराफे नेताना बर्फाखाली गेला होता. देहही हाती लागला नाही. दोन दिवस कळा देऊन हिल्ट्रूडला मुलगी झाली, ती निळी पडलेली, गळ्याला नाळेचा वेढा. गेरबुर्गने वेढा सोडवला, तोंड पुसलं, फुंकर घातली. पोरीने एक उचकी दिली आणि पुन्हा मान टाकली. गावचे फादर नदीपलीकडे होते. बर्फ फुटू लागलं होतं, त्यामुळे ना चालत जाता येत होतं, ना होडी घालता येत होती.

गेरबुर्गने घड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. "नाव सांग, लवकर."

"वुल्फहिल्ड," हिल्ट्रूड पुटपुटली.

बापाच्या नावातला तुकडा घ्यायचा, आईच्या नावातला घ्यायचा आणि दोन्ही सांधून लेकराला द्यायचे, ही त्यांची जुनी रीत. वुल्फ म्हणजे लांडगा, हिल्ड किंवा हिल्ट म्हणजे लढाई. दोन्ही मिळून काय अर्थ होतो हे कुणी विचारत नसे. पोर कुणाचं, एवढं त्यातून कळलं की झालं.

लेकरू मरणाच्या दारात असेल तर सुईणीनेही बाप्तिस्मा द्यावा, अशी चर्चची मुभा होती. गेरबुर्गने पाणी घालून बाप्तिस्मा दिला. पोर जगली.

आठवड्याभराने नदी मोकळी झाली आणि फादर एकबर्ट आले. शहरातून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं.

"वुल्फहिल्ड? मी चर्चमध्ये लांडगीला हाक मारू?" ते म्हणाले. "रविवारी घेऊन या. मी नीट बाप्तिस्मा देतो. काटारीना नाव ठेवू."

"झालाय बाप्तिस्मा," गेरबुर्ग म्हणाली.

"म्हातारे, पोर धडधाकट आहे. तू संकटाचं सोंग केलंस."

"मेली असती म्हणजे पटलं असतं का तुम्हाला?"

फादरनी तक्रार वर नेली. ईस्टरनंतर बिशपांनी पाठवलेले वडील पाद्री निवाड्याला यायचे होते. सुईणपण कायमचं बंद होणार, असं गावभर झालं. हिल्ट्रूड घाबरून गेरबुर्गच्या दारात आली.

"आजी, काटारीना तर काटारीना. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय कशाला?"

गेरबुर्ग सलगम चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. "तुझं अर्धं तुझं आहे, टाक हवं तर. त्याचं अर्धं टाकायला तो इथे नाही. आणि माझ्या पोटाचं मी बघते."

हिल्ट्रूड रडली, मग पोरीला पाजायला घरी गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

निवाड्याच्या दिवशी चर्च भरलं होतं. वडील पाद्रींनी विचारलं, "पाणी कसलं होतं?"

"घड्यातलं, स्वच्छ."

"शब्द म्हण."

"वुल्फहिल्ड, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

"कुणी शिकवलं?"

"आधीच्या फादरनी. दर वर्षी आम्हा सुइणींना उभं करून म्हणवून घ्यायचे. ह्यांनी अजून एकदाही विचारलं नाही."

मागे कुणीतरी खोकलं. एकबर्ट लाल झाले. "नाव संताचं असावं, रानटी नको, एवढंच माझं म्हणणं."

"मग तुमचं नाव बघू, फादर. त्यातलं 'एक' म्हणजे तलवारीची धार, 'बर्ट' म्हणजे लखलखीत. तुमच्या आईने तलवार पाळण्यात घातली तेव्हा कुणी अडवलं होतं?"

लोक हसले. वडील पाद्री हसले नाहीत, पण बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच होतो. पुन्हा देणं हे पाप, आणि ते देणाऱ्याच्या माथी. नाव राहील. तेल आणि आशीर्वाद तेवढे बाकी आहेत, ते फादर एकबर्ट देतील. आणि म्हातारे, धर्मगुरूशी उद्धट बोललीस, म्हणून तीन शुक्रवार नुसत्या पाव-पाण्यावर उपास."

"तीनच? थंडीत आम्ही ह्याहून जास्त काढतो."

"चार."

गेरबुर्ग गप्प बसली. कुठे थांबायचं हे तिला कळत होतं.

रविवारी एकबर्टनी पोरीच्या कपाळावर तेल लावलं आणि नाव ओठातल्या ओठात उच्चारलं.

"ऐकू आलं नाही, फादर," गेरबुर्ग म्हणाली.

एकबर्टनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या हिल्ट्रूडकडे. "वुल्फहिल्ड," ते मोठ्याने म्हणाले.

पुढच्या वर्षी गिरणीवाल्याला मुलगी झाली, चांगली रडकी आणि गुटगुटीत. आईबापांनी हौसेने काटारीना नाव ठेवलं. बारशाच्या जेवणात गेरबुर्ग काय म्हणते म्हणून शेजारणी कान देऊन होत्या.

"छान आहे की," ती म्हणाली. "त्यांनी आपल्या मर्जीने ठेवलंय." आणि सातूच्या बिअरसाठी रिकामा पेला पुन्हा पुढे केला.