दोनशे यार्डांवरची पोलादी थाळी

माझ्या बाबांनी बत्तीस वर्षं बंदुकांचे भाग घासले आणि आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. पुण्याच्या एका शस्त्र कारखान्यात फिटर होते ते. माल तपासून पेटीत भरला की गेला. पुढे कुणाच्या हातात पडला, कुठे लागला, कुणी कळवत नसे. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच माझ्याकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आले, आणि आठवड्याभरात कंटाळले. "रस्त्यात माणूस दिसत नाही गं, नुसते राउंडअबाउट!"

मला तेव्हा शूटिंगचं खूळ लागलं होतं. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग, रविवारी क्लबची रेंज. दोनशे यार्डांवर पोळीच्या तव्याएवढ्या पोलादी थाळ्या टांगलेल्या असत. गोळी झाडली की क्षणभर काहीच नाही, आणि मग टण्ण! अहाहा! त्या आवाजासाठी मी पावसातसुद्धा चिखलात पालथी पडायचे. मला स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल बांधून हवी होती. मोठ्या गोळीची तसली रायफल इंग्लंडमध्ये चालत नाही, पॉइंट टू-टूची चिमुकल्या गोळीची चालते. एक झाडली की दुसरी आपोआप नळीशी येते, चाप मात्र दर वेळी ओढायचा. पोलीस घरी येऊन भिंतीतलं बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट गदागदा हलवून बघून गेले, सर्टिफिकेट मिळालं, बंदुकीच्या दुकानदाराने जड नळी बसवून दिली. राहिला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता.

लाकडाला परवाना लागत नाही. मी अक्रोडाचा ओबडधोबड ठोकळा आणून बाबांसमोर ठेवला. काय खुलला त्यांचा चेहरा! दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर गॅरेजभर भुसा. कारखान्याच्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेले, त्यामुळे हाका मारून उपयोग नसे, खांद्याला हात लावावा लागे.

"बाबा, बास की आता! छान झालाय."

"छान म्हणजे काय? नळी आणि लाकडाच्या मधून कागद सरकला पाहिजे, न अडकता. अर्धवट काम मी सरकारला दिलं नाही, तुला देऊ होय?"

सात आठवडे आम्ही रोज भांडलो. मला ती भांडणं फार आवडायची.

आमच्या क्लबात पाहुण्यांना गोळ्या झाडू देण्याचे दिवस मोजकेच. त्यातला एक दसऱ्यानंतरच्या रविवारी आला, आणि बाबांचं विमान मंगळवारी. मी मनाशी ठरवलं, काहीही होवो, त्या दिवशी थाळी बाबांनीच वाजवायची. बत्तीस वर्षं बंदुका घासल्या ना? मग निदान एकदा तरी!

खंडेनवमीला बाबा हटूनच बसले. "आम्ही लेथलासुद्धा हार घालायचो. ही काय बिनपूजेची जाणार?" वेम्बलीच्या देशी बाजारातून झेंडू आणला होताच. मी कपाटातून रिकामी रायफल काढून पाटावर ठेवली. बाबांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, बराच वेळ हात जोडून बसले. मग मी ती तेलाने पुसली आणि पुन्हा कुलपात ठेवली.

रविवारी चक्क ऊन पडलं. सत्तरीचे बाबा चटईवर पालथे झोपले आणि दस्त्याला गाल लावला. शेजारी रेंजवरचे अधिकारी, मोजकं बोलणारे एक निवृत्त पोस्टमन. पाच गोळ्या मिळायच्या. पहिली गोळी मातीत गेली. दुसरी नळीपर्यंत पोचलीच नाही. अडकली!

पोस्टमननी सगळ्यांना थांबवलं. रायफल मोकळी करून आत डोकावले आणि चिमट्याने काहीतरी लाल, तेलकट बाहेर काढलं. "इज धिस राइस?"

मी कपाळावर हात मारला. "बाबा! रायफलीच्या तोंडात कुणी अक्षता टाकतं का हो?"

"लेथमध्ये कधी अडकल्या नाहीत," बाबा म्हणाले. "आणि पुसली कुणी?"

मी पोस्टमनकडे वळले. हे आशीर्वादाचे तांदूळ, एवढं कसंबसं इंग्रजीत सांगितलं, तर पोस्टमननी तो दाणा फेकला नाही, स्वतःच्या टोपीच्या पट्टीत खोचला.

तिसरी गेली मातीत. चौथी झाडली. काहीच नाही. आणि मग, टण्ण!

मी अशी किंचाळले की शेजारचे नेमबाज दचकले. मी खांदा हलवला तशी बाबांनी घाबरून मान वळवली. "काय झालं? परत अडकली?"

"वाजली, बाबा! लागली!"

"मला नाही ऐकू आली." ते हसले. "उगाच मन राखू नकोस माझं."

सात आठवडे खांद्याला हात लावून बोलत होते मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाचवी पुन्हा मातीत गेली. मला रडूच यायला लागलं.

सगळ्या रायफली रिकाम्या झाल्यावर पोस्टमननी पुढे जायची परवानगी दिली. मी बाबांचा हात धरून दोनशे यार्ड चालले. सकाळी पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या आमच्या थाळीवर, खालच्या कडेपाशी, एकच करडा ठिपका होता. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. मी त्यांचा तळहात थाळीवर सपाट ठेवला, खालचा दगड उचलला आणि थाळीच्या दुसऱ्या कडेवर जोरात हाणला.

त्यांनी डोळे मिटले. "एक तरी कळली गं," म्हणाले, "कुठे लागली ती."

हात तिथेच ठेवून म्हणाले, "अजून एकदा वाजव."